तुझं नाव घातलंय

मावशीने ते वाक्य चहा गाळता गाळता म्हटलं होतं. "मृत्युपत्र केलंय मी. एक्झिक्युटर म्हणून तुझं नाव घातलंय." मी "बरं" म्हटलं आणि बिस्किटांचा डबा उघडला. २०११ सालची गोष्ट. कागद कुठे ठेवलाय, साक्षीदार कोण आहेत, मला नेमकं काय करायचंय, यातलं काहीही मी विचारलं नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही, मीही नाही. अकरा वर्षांनी, तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दादरच्या तिच्या घरात कपाटासमोर मी उभी होते आणि त्या "बरं"चा अर्थ मला कळायला लागला.

कपाटाच्या आतल्या खणात, इरकली साडीच्या घडीखाली, खाकी पाकीट होतं. त्यात टाईप केलेली तीन पानं. शेवटच्या पानावर तिची सही, शाळेतल्या प्रगतिपुस्तकांवर करायची तशीच, खाली ठसठशीत रेघ ओढलेली. बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या. एक आमचे फॅमिली डॉक्टर, दुसरे समोरच्या दारातले शेजारी. डॉक्टर कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. शेजारी जागा विकून मुलाकडे हैदराबादला गेले, एवढंच ठाऊक होतं. मावशीच्या डायरीतला त्यांचा नंबर बंद होता.

मी वकील नाही. पुढची अडीच वर्षं मी हे काम निभावलं, आणि त्या काळात वकिलांशी, सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी, बँकेत क्लेमचे कागद तपासणाऱ्यांशी, माझ्यासारख्याच अचानक एक्झिक्युटर झालेल्या माणसांशी बोलत राहिले. एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. मृत्युपत्र करा असं सांगणारी व्याख्यानं, पुस्तकं, ज्येष्ठ नागरिक संघांतले कार्यक्रम आपल्याकडे भरपूर आहेत. ज्याने ते अमलात आणायचं, त्या माणसाचा हात धरणारं जवळपास कोणी नाही. म्हणून हा लेख त्या माणसासाठी.

एक्झिक्युटरला मराठीत आपण व्यवस्थापक म्हणतो, कायद्याच्या मराठीत निष्पादक. शब्द कोणताही घ्या, अधिकार मोठा आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २११ सांगतं की एक्झिक्युटर हा मृत व्यक्तीचा कायदेशीर प्रतिनिधी आहे आणि तिची सगळी मिळकत प्रतिनिधी या नात्याने त्याच्याकडे येते. मालक म्हणून नाही, सांभाळणारा म्हणून. मावशीच्या घराची किल्ली माझ्या हातात होती, पण त्या घरातली एक वाटीही माझी नव्हती. नातेवाईक आठवण म्हणून काहीबाही मागत होते, कोणी पानदान, कोणी तंबोरा. मी नाही म्हणत गेले आणि दोन घरांत वाईट ठरले. आज वाटतं, तेवढं एक मी पहिल्या दिवसापासून बरोबर केलं. अधिकार नसताना मृताच्या मालमत्तेत हात घालणाऱ्याला हाच कायदा 'स्वतःच्या चुकीने झालेला एक्झिक्युटर' ठरवतो, आणि नेलेल्या वस्तूंचा हिशेब त्याच्याकडून मागता येतो.

मावशीला मूल नव्हतं. काका १९९६ मध्ये गेले. घर तिने स्वतःच्या पगारातून, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घेतलं होतं. तरी तिने मृत्युपत्र केलं नसतं, तर ते घर कोणाकडे गेलं असतं? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे स्त्रीची मुलं किंवा नवरा नसेल, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. म्हणजे काकांच्या पुतण्यांकडे, ज्यांना मावशीने वीस वर्षांत लग्नकार्यातच काय ते पाहिलं होतं. माहेरून वारशाने आलेल्या मिळकतीचा नियम वेगळा, ती वडिलांच्या वारसांकडे जाते. पण जे बाईने स्वतः कमावलं, त्याला हा अपवाद नाही. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो आणि तसं मी स्पष्ट लिहिते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं, ते याच कलमाच्या संदर्भात. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माझ्या मावशीने ते चौदा वर्षं आधीच ओळखलं होतं.

त्याची दुसरी बाजू मला माझ्या वकीलबाईंनी समजावली. "न्यायालयात अर्ज करताना, मृत्युपत्र नसतं तर ज्यांना मिळालं असतं, त्यांना नोटीस द्यावी लागते. तुमच्या मावशींच्या बाबतीत ती माणसं म्हणजे त्यांच्या सासरचे पुतणे आणि पुतणी." ज्यांना मावशीने काहीच ठेवलं नव्हतं, त्यांनाच मी पत्र लिहायचं होतं की तुमची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. एक इंदूरला, एक न्यू जर्सीला, आणि पुतणी कुठे आहे हे कोणालाच नीट माहीत नव्हतं.

तेव्हा मुंबईत प्रोबेटशिवाय गत्यंतर नव्हतं. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आणि शेवटचं आहे, असं न्यायालयाने शिक्कामोर्तब करून एक्झिक्युटरच्या हाती ठेवणं. ही पद्धत इंग्रजांनी त्यांच्या तीन इलाखा-शहरांत आणली. १७२६ च्या सनदेने मुंबईत जे मेयर्स कोर्ट झालं, त्याला प्रोबेट देण्याचा अधिकार होता. पुढे कायदे बदलले, पण कलकत्ता, मद्रास, मुंबई ही रेघ राहिली. १९२५ च्या कायद्याचं कलम २१३ हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि १९६२ पासून पारशी मृत्युपत्रांना या शहरांपुरतं प्रोबेट सक्तीचं करत होतं. मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा त्यात मुंबईतली जमीन-घर असेल, तर प्रोबेट हवंच होतं. ठाण्यात राहून ठाण्यातल्याच घराचं मृत्युपत्र केलं, तर ती सक्ती नव्हती. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. पुण्या-नाशिकच्या वाचकांनी 'आम्हाला तर कोणी प्रोबेट मागितलं नव्हतं' असं म्हटलं, तर त्याचं कारण हे.

अर्जात काय लागतं, ते कायद्यात अगदी थोडक्यात आहे. मृत्यूची वेळ, हे तिचं शेवटचं मृत्युपत्र आहे, ते रीतसर केलेलं आहे, किती मालमत्ता हाती येईल आणि अर्जदार त्यात नेमलेला एक्झिक्युटर आहे. कागदावर पाच गोष्टी. प्रत्यक्षात प्रत्येक गोष्टीला शेपूट. मावशीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने होतं. भविष्य निर्वाह निधीच्या कागदांवर माहेरचं, पॅनकार्डावर सासरचं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आद्याक्षरं आणि आडनाव. ही तिन्ही एकच बाई आहे, याचं प्रतिज्ञापत्र. तिला मूल नव्हतं, याचं प्रतिज्ञापत्र. काका आधी गेले, त्याचा दाखला, जो महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जुन्या नोंदवहीतून शोधून घ्यावा लागला. उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागाने पहिल्या तपासणीत जे आक्षेप काढले, त्यातले निम्मे नावाचेच होते. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईच्या एक्झिक्युटरला हे भोगावं लागतं. हयातीतच सगळी नावं एकदा जुळवून ठेवली, तर पुढच्या माणसाचे महिने वाचतील.

सगळ्यात अवघड होता साक्षीदार. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ते सिद्ध करताना त्यांतला निदान एक, हयात असेल तर, पुढे यावा लागतो. दोघेही गेले असतील तर हस्ताक्षर ओळखणारं कोणी शोधावं लागतं. मुंबईत साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच लावतात. हैदराबादला गेलेल्या त्या शेजारच्या काकांचा पत्ता शेवटी मिळाला तो इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याकडे. जागा सोडताना राहिलेले कपडे कुरिअर करायला त्यांच्या मुलाने त्याला नंबर दिला होता. फोन लागला तेव्हा काका एक्याऐंशी वर्षांचे होते, आवाज बारीक झालेला. "हो, आठवतं तर. तुमच्या मावशीने सही झाल्यावर आम्हा दोघांना थालीपीठ खायला घातलं होतं. डॉक्टर म्हणाले, लोणी जास्त आहे." मी फोन ठेवला आणि रडले. तोवर मी रडले नव्हते.

त्यांच्या मुलाने त्यांना नोटरीकडे नेलं आणि प्रतिज्ञापत्र आलं. सहा महिन्यांनी काका गेले. मी तेवढाच उशीर केला असता, तर हे मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी आम्हाला मावशीच्या शाळेतले जुने सहकारी शोधत हिंडावं लागलं असतं.

इंदूरच्या पुतण्याने महिन्याभरात ना हरकत पाठवली. वर दोन ओळी, 'काकूने माझ्या मुंजीला पितळी घंगाळ दिलं होतं, आमचं काही म्हणणं नाही.' न्यू जर्सीच्या पुतण्याने तिथल्या नोटरीपुढे सही करून, अपोस्टिलचा शिक्का घेऊन कागद पाठवला. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. परदेशी वारस असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पुतणीचा पत्ता मिळेना. तिच्या नावाने न्यायालयाची नोटीस निघाली, शेवटच्या पत्त्यावर गेली, परत आली, वर्तमानपत्रात छापली. पाच महिने त्यात गेले. तिने कॅव्हिएट, म्हणजे हरकत, दाखल केली असती, तर आमच्या अर्जाचं दाव्यात रूपांतर झालं असतं, साक्षीपुरावे, उलटतपासणी, आणि किती वर्षं ते देव जाणे. तसं झालं नाही. अर्ज केल्यापासून सोळाव्या महिन्यात प्रोबेट हातात आलं. मृत्युपत्राची प्रत जोडलेली, न्यायालयाची मोहोर असलेली. मूळ मृत्युपत्र न्यायालयातच राहतं. ती तीन पानं, खाली रेघ ओढलेली ती सही, मी पुन्हा पाहिलेली नाही.

खर्चाबद्दल विचारतात, म्हणून सांगते. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला ७५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. मुंबईत घर असलं की माणूस बहुधा त्या मर्यादेला पोचतोच. वकिलांची फी वेगळी. हा खर्च एक्झिक्युटरने पदरचा करायचा नसतो, तो मृताच्या मालमत्तेतून वळता होतो. मात्र ती मालमत्ता प्रोबेट मिळेपर्यंत गोठलेली असते, त्यामुळे सुरुवातीला पैसे कोणी तरी घालावेच लागतात. मी माझी मुदत ठेव मोडली. मावशीने माझ्या नावावर त्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवली असती, तर बरं झालं असतं.

माझं काम संपलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ कायद्यातून काढून टाकलं. आता मुंबईतही प्रोबेट सक्तीचं नाही. ओळखीच्या निदान दहा जणांनी मला फोन करून अभिनंदन केल्यासारखं सांगितलं, "सुटलो आपण." मला तसं वाटत नाही. सक्ती गेली हे चांगलंच झालं. दोन मुलं, एक घर, कोणाची कुरबुर नाही, अशा कुटुंबाला न्यायालयात दीड वर्ष थांबवण्यात अर्थ नव्हता, आणि चेकनाक्याची ती रेघ विसंगतच होती. पण कलम गेल्याने एक्झिक्युटरचं काम गेलेलं नाही. मृत्युपत्राला कोणी आव्हान दिलं की ते सिद्ध करावंच लागणार. न्यायालयाचा प्रोबेट देण्याचा अधिकार शाबूत आहे, आणि प्रोबेट हा असा निकाल आहे की तो सगळ्या जगाला लागू होतो, फक्त समोर आलेल्यांना नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मूल नसलेल्या व्यक्तीचं मृत्युपत्र असेल, दुसरं लग्न असेल, एखाद्या मुलाला वगळलं असेल, साक्षीदार ऐंशीच्या पुढचे असतील, तर सक्ती नसली तरी प्रोबेट घ्यावं. निदान साक्षीदाराचं म्हणणं तो बोलू शकतो आहे तोवर नोंदलं जातं. मावशीच्या बाबतीत नवा कायदा असता तरी मी हाच रस्ता धरला असता. हैदराबादच्या काकांचं प्रतिज्ञापत्र आज न्यायालयाच्या दप्तरात आहे. उद्या ती पुतणी कुठून उगवली, तरी त्याला उत्तर आहे.

आता बँक. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे की नॉमिनी म्हणजे मालक. नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते कोणाचे हे वारसा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं (आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर तिथला नियम २०१५ च्या दुरुस्तीने बदलला आहे), शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये. ते दुसरं प्रकरण 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं होतं, त्यामुळे मराठी वाचकांना ते जवळचं वाटावं. सोसायटीतही नॉमिनी हा तात्पुरता सभासद. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हे पुरेसं स्पष्ट आहे, तरीही कित्येक सेक्रेटरी नॉमिनीच्या नावावर घर करून मोकळे होतात आणि भांडणाला तिथून सुरुवात होते.

मावशीच्या एका ठेवीवर नॉमिनी म्हणून अजून काकांचं नाव होतं, जे जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. सोसायटीत माझ्या आईचं, जी २०१५ मध्ये गेली. बँकेने, नाव घेत नाही, दोन लाखांच्या ठेवीसाठी आधी प्रोबेट मागितलं, मग वारसा प्रमाणपत्र मागितलं, मग दोन्ही. प्रत्येक वेळी काउंटरवर नवी व्यक्ती. आता परिस्थिती सुधारली आहे आणि ते नीट सांगितलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी सगळ्या बँकांना एकसारखे नियम घालून दिले. नॉमिनी नसेल, तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या कागदांवर निकालात काढायचे. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे, उशीर झाला तर व्याजासह भरपाई. काउंटरवर कोणी उडवाउडवी केली, तर हा नियम दाखवा, लेखी पोच घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चार नॉमिनीही देता येतात. विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल आहे. दहा वर्षं दावा न झालेले पैसे कोणत्या बँकेत आहेत, ते तिथे शोधता येतं. आणि एक कळकळीची सूचना. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड वापरू नका, दवाखान्याचं बिल भरायला असलं तरी नको. हेतू चांगला असतो, पण पुढे प्रत्येक व्यवहाराचा खुलासा एक्झिक्युटरला द्यावा लागतो.

चिपळूणजवळ मावशीच्या माहेरच्या जमिनीत तिचा हिस्सा होता. तिथे प्रोबेटचा प्रश्न नव्हता, सातबाऱ्यावर नोंदीचा होता. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर करणं. ई-हक्क प्रणालीतून अर्ज घरबसल्या होतो. मुंबईच्या मानाने हे सोपं गेलं, कारण भाऊबंदांत कोणाची हरकत नव्हती. असती तर मी हे वाक्य लिहिलं नसतं.

गोव्यातल्या वाचकांचं जग मात्र निराळं आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आणि २०१२ चा उत्तराधिकार कायदा. विवाहित जोडप्याची मिळकत बहुतेक वेळा दोघांची सामाईक, मुलांचा हिस्सा राखीव, मृत्युपत्राने फक्त अर्धा भाग मनासारखा देता येतो, आणि वाटपासाठी न्यायालयात इन्व्हेंटरीची कार्यवाही. मुंबईच्या अनुभवावरून तिथे सल्ला देऊ नये, एवढं मी शिकले.

मला ज्या गोष्टीबद्दल मनापासून लिहायचं होतं, ती कायद्याच्या पुस्तकात शेवटाकडे येते. एक्झिक्युटरने पैसे कोणाला आधी द्यायचे, त्याचा क्रम. आधी अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च, शेवटच्या आजारातला औषधपाणी-डॉक्टरांचा खर्च आणि मृत्यूपूर्वी महिन्याभराचा राहण्या-जेवण्याचा खर्च. मग प्रोबेटचा खर्च. आणि त्यानंतर लगेच, इतर सगळ्या कर्जांच्या आधी, कलम ३२२: मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मजुराने, कारागिराने किंवा घरकाम करणाऱ्याने केलेल्या कामाची थकलेली मजुरी.

मावशीकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला एक बाई येत होत्या. मावशी दवाखान्यात होती तो दीड महिना त्या रोज मऊ भात आणि वरण डब्यात घालून घेऊन जात होत्या. पगार कोणी दिला नव्हता, त्यांनी मागितलाही नव्हता. तेराव्याच्या दिवशी त्या मागच्या दाराशी बसल्या होत्या. मी पैसे दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कशाला ताई, त्या गेल्या की." कायद्यात हे लिहिलेलं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर कळलं तेव्हा १९२५ च्या त्या कायद्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. मृत्युपत्रात मावशीने त्यांच्या मुलीला दोन पाटल्या ठेवल्या होत्या. प्रोबेट आल्यावर सोनाराकडून वजन करून घेतलं, अडतीस ग्रॅम, पावती लिहिली, मुलीची सही घेतली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. पाटल्या हातात घालून पाहिल्या आणि परत डबीत ठेवल्या. "आजी म्हणायच्या, नोकरी लागेल तेव्हा घाल."

देण्याच्या घाईबद्दलही बोललं पाहिजे. वारस विचारत राहतात, आमचा वाटा कधी. कायदा एक्झिक्युटरला मृत्यूपासून एक वर्ष देतो, त्याआधी मृत्युपत्रातले वाटे देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. आधी कर्जं फेडायची, मग वाटप. माझ्याशी बोललेल्या एका गृहस्थांनी वडिलांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत सगळं वाटून टाकलं आणि आठव्या महिन्यात प्राप्तिकराची जुनी मागणी आली. भावंडांकडून पैसे परत मागण्याइतकं अवघड काम दुसरं नाही. एक्झिक्युटरच्या निष्काळजीपणाने मालमत्तेचं नुकसान झालं, तर ते त्याच्या खिशातून भरून घेता येतं, हेही कायद्यात आहे. म्हणून वाटपाआधी घेणेकऱ्यांसाठी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी, मृताचं शेवटचं विवरणपत्र भरावं, मृत्यूनंतर वाटपापर्यंतच्या व्याजा-भाड्यावरचा कर वेगळा भरावा, घराचं मेंटेनन्स आणि विजेचं बिल थकू देऊ नये.

प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. मी पहिल्या दिवशी एक दोनशे पानी वही घेतली आणि तेवढ्याने मला वाचवलं. डाव्या पानावर आलेला पैसा, उजव्या पानावर गेलेला. कपाट उघडलं ते दोन शेजाऱ्यांसमोर, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद त्याच वेळी, तिघांच्या सह्या. ट्रंकेत १९८० च्या दशकातली शेअर सर्टिफिकेटं निघाली, त्यांतल्या काहींचा लाभांश सात वर्षं कोणी न घेतल्याने शेअर्सच सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेले होते. तेही परत मिळवता येतात, वेळ लागतो. कोणी काही विचारलं की मी वही उघडून दाखवायची. चढलेला आवाज आकड्यांसमोर खाली येतो.

झेपत नसेल तर नाही म्हणण्याचा हक्क आहे, हेही माहीत असावं. मृत्युपत्रात नाव आलं म्हणून काम स्वीकारलंच पाहिजे असं नाही, न्यायालयात लेखी नकार देता येतो. मात्र काम अंगावर घेण्याआधी. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, १५१०० हा त्यांचा देशभराचा क्रमांक आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. मी अर्ज केला असता की नाही ते सोडा, पण चाळीत राहणारी एखादी विधवा, नवऱ्याने तिलाच एक्झिक्युटर नेमलेलं, वकिलाच्या फीच्या धास्तीने वर्षानुवर्षं कागद उशाखाली ठेवून बसते, अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापर्यंत हा क्रमांक पोचला पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि महिला मंडळांनी मृत्युपत्रावर व्याख्यान ठेवताना दुसऱ्या दिवशी एक्झिक्युटरांचा वर्ग ठेवावा, अशी माझी विनंती आहे. चार वकील, दोन निवृत्त बँक अधिकारी आणि हे काम करून मोकळी झालेली पाच-सात माणसं, एवढ्यावर तो चालेल.

माझं स्वतःचं मृत्युपत्र मी मागच्या वर्षी केलं. साक्षीदार माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान घेतले आणि त्यांचे कायमचे पत्ते मागे लिहून ठेवले. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. नोंदणी सक्तीची नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही, पण कागद हरवत नाही. एक्झिक्युटर म्हणून भाचीचं नाव घातलं, ते तिला तीन तास समोर बसवून, वही दाखवून, तिने हो म्हटल्यावर. एक फाईल केली: खाती, पॉलिसी, सोसायटी, पॅन, नॉमिनींची तारीखवार यादी, सुरुवातीच्या खर्चासाठी तिच्यासोबतचं एक संयुक्त खातं, आणि माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंचं नाव आणि पगार.

दिवाळीत घरोघरी माणसं जमतील. तुमच्या मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे, तो बहुधा त्या पाडव्याच्या पंक्तीत असेल. जेवणं झाल्यावर त्याला बाजूला घ्या आणि कपाटातलं पाकीट कुठे आहे ते दाखवा.